मैलाटाकी उपसताना आणि फिरती शौचालये ठेवताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की आमचा फोन दिवसभर वाजत राहतो आणि समोरच्या माणसाचे पहिले वाक्य बहुतेक वेळा एकच असते : ‘टाकी भरली आहे, लगेच गाडी पाठवा.’ कळव्यातून गेली सतरा वर्षे मैला उपसण्याच्या गाड्या आणि फिरती शौचालये पुरवताना ठाणे, दिवा, घणसोली, बेलापूर अशा सगळ्या बाजूंना त्याच त्या चुका पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच चुका एकाच कारणाने होतात, ते म्हणजे काहीही मोजण्याआधी काम उरकून टाकण्याची घाई.

‘टाकी भरली आहे’ म्हणजे नेमके काय?

सेप्टिक टँक, म्हणजे आपली मैलाटाकी, सदैव भरलेलीच असते आणि ती तशी असायलाच हवी. घरातून जेवढे पाणी आत येते तेवढेच दुसऱ्या टोकाच्या पाइपमधून शोषखड्ड्याकडे जाते, त्यामुळे टाकीतले पाणी त्या पाइपच्या तोंडापर्यंत कायम असते. वाढत जातो तो तळाचा गाळ आणि वर तरंगणारी साय. झाकण उघडून पाणी दिसले म्हणून गाडी बोलावणाऱ्या पाच माणसांच्या घरातली तीन हजार लिटरची टाकी उपसल्यावर आठवड्याभरातच पुन्हा त्याच पातळीला येते, आणि मग ‘तुमच्या माणसांनी काम नीट केले नाही’ अशी तक्रार ऐकावी लागते. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वर चढले असेल, तर दोष बहुधा तुंबलेल्या पाइपचा किंवा शोषखड्ड्याचा असतो. ते पाइपच्या खाली गेले असेल, तर टाकी कुठेतरी गळत असते. या दोन्ही दुखण्यांवर उपसा हा इलाज नाही.

माझ्या गाडीत एक दहा फुटी बांबू कायम असतो. त्याच्या खालच्या चार फुटांवर पांढरा टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून सुतळीने बांधायचा, बांबू सावकाश तळापर्यंत उभा सोडायचा, तीन-चार मिनिटे तसाच धरायचा आणि धक्का न देता वर घ्यायचा. टॉवेलच्या वरच्या भागावर फिकट राखाडी ओल दिसते आणि खाली काळा, चिकट पट्टा दिसतो. त्या पट्ट्याची उंची म्हणजे गाळाची उंची. साय आणि गाळ मिळून पाण्याच्या एकूण खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आले असतील तरच मी उपसा करतो, नाहीतर माप वहीत लिहून झाकण लावतो आणि पुढची तारीख देऊन परत येतो. एक फेरी वाया गेली असे नव्या मुलांना वाटते. मला ते पटत नाही, कारण ज्या घरी आपण गरज नसताना पैसे घेतले नाहीत ते घर पुढे दहा वर्षे आपल्यालाच बोलावते.

पावसाळ्यात तळ दिसेपर्यंत उपसा करणे

या चुकीबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ती माझ्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात नेरूळच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावठाणातून बोलावणे आले. नव्या घराच्या मागे तीन हजार लिटरची तयार प्लास्टिकची टाकी पुरलेली होती, दोन दिवसांवर घरात साखरपुडा होता आणि घरमालकांचे एकच म्हणणे होते : ‘पैसे पूर्ण घ्या, पण तळ दिसला पाहिजे.’ मी त्या वेळी मुंब्र्याला दुसऱ्या कामावर होतो. ड्रायव्हरने फोन करून विचारले तेव्हा मी पाऊस किती झाला आहे, जमीन कशी आहे, यातले काहीही न विचारता होकार दिला. त्याने मन लावून टाकी रिकामी केली, पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने आतून धुतली आणि घरमालकांना बॅटरीच्या उजेडात तळ दाखवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन आला : ‘दादा, टाकी जमिनीतून वर आली आहे.’ जाऊन पाहिले तर आदल्या दिवशी फरशीच्या पातळीत असलेले झाकण हातभर वर उभे होते, भोवतीचे पेव्हर ब्लॉक दोन्ही बाजूंना कलंडले होते आणि घरातून येणारा चार इंची पीव्हीसी पाइप सांध्यापासून निखळून त्याचे तोंड आभाळाकडे झाले होते. घरातला मैला उघड्यावर पसरत स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आला होता. घरातल्या आजी काहीही न बोलता सुपलीने राख टाकत होत्या, ते दृश्य मी विसरलेलो नाही. साखरपुडा पुढे ढकलावा लागला आणि बारा दिवस ते कुटुंब शेजाऱ्यांच्या शौचालयावर अवलंबून राहिले. टाकी पुन्हा बसवण्याचा खर्च मी केला, पण त्या बारा दिवसांची भरपाई कशानेही होत नाही.

यामागचे कारण साधे आहे. तीन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी जेमतेम शंभर-सव्वाशे किलोची असते, पण ती रिकामी असताना भोवतीच्या जमिनीत वरपर्यंत पाणी भरले, तर तिला वर ढकलणारा जोर तीन टनांच्या घरात जातो. वर टाकलेली फूटभर माती तो जोर अडवू शकत नाही. चार दिवस सलग पाऊस आणि त्यात खाडीला उधाण असेल, तर खाडीकाठच्या गावठाणांत हातभर खणले तरी पाणी लागते. काँक्रीटची टाकी जड असल्यामुळे सहसा तरंगत नाही, परंतु बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिच्या भिंतींना तडे जाऊ शकतात, आणि जुन्या विटांच्या टाकीची तर खात्रीच देता येत नाही.

आता जून ते सप्टेंबर या काळात मी आधी पहारीने टाकीच्या शेजारी दीड-दोन फुटांचा खड्डा करतो आणि चहा पिऊन होईपर्यंत थांबतो. खड्ड्यात पाणी साचले, तर टाकी रिकामी करायची नाही, हा नियम कोणाच्याही आग्रहाखातर मी मोडत नाही. नळी थेट तळाशी सोडून फक्त गाळ ओढायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने साधे पाणी आत सोडत राहायचे, म्हणजे पातळी खाली जात नाही. पाण्याबरोबर ओढला गेल्यामुळे गाळ थोडा कमी निघतो आणि फेरी वाढते, हे खरे आहे. कोरड्या दिवसांतही तळ घासून धुऊ नये; नव्या मैल्याला कुजवणारे जिवाणू त्याच गाळात असतात, म्हणून थोडा गाळ तळाशी राखावा असे भारतीय मानक २४७० मध्येही सांगितले आहे. खाडीजवळ नवी टाकी बसवणाऱ्यांनी तर तळाला काँक्रीटचा थर घालून टाकी त्याला पट्ट्यांनी जखडून घ्यावी आणि मोठा उपसा एप्रिल-मेमध्येच उरकावा.

टाकीत ॲसिड ओतू नये. ‘ही पावडर टाका आणि पुन्हा कधी उपसू नका’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर विश्वास ठेवू नये. गाडीपासून टाकी सात मीटरपेक्षा खोल असेल, तर पंपाला दोष देऊ नये, कारण व्हॅक्यूमने पाणी उचलण्याची प्रत्यक्षातली मर्यादा साधारण तेवढीच असते. झाकणाजवळ विडी-सिगारेट पेटवू नये, कारण आतला मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के मिसळला की ठिणगीने पेट घेतो.

माणूस आत उतरवणे

‘तळाचा गाळ घट्ट झाला आहे, एक माणूस दोन मिनिटे उतरवा, आम्ही वेगळे पैसे देतो,’ असे सुशिक्षित सोसायट्यांचे पदाधिकारी आजही सांगतात, याचा मला मनापासून संताप येतो. मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे ‘आता वास कमी झाला’ असे आत उतरलेल्या माणसाला वाटते तोच क्षण सर्वांत धोक्याचा असतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो, त्यामुळे झाकण तासभर उघडे ठेवले म्हणून टाकी सुरक्षित होत नाही. पहिला माणूस कोसळला की त्याला ओढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. २०१९ च्या मे महिन्यात आपल्याच ठाण्यात, ढोकाळी येथील एका गृहसंकुलात, सांडपाण्याची टाकी साफ करताना तीन कामगारांचा जीव गेला.

हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईवर बंदी घातली असून काम करवून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. माझी सवय याहून साधी आहे : माझ्या कोणत्याही गाडीवर शिडी ठेवलेली नाही. शिडी नसली की उतरण्याचा विचारच कोणाच्या मनात येत नाही. गाळ घट्ट असेल, तर आदल्या दिवशी जाऊन वरून पाण्याच्या फवाऱ्याने तो सैल करायचा, लांब दांड्याने ढवळायचा आणि दुसऱ्या दिवशी उपसायचा. ज्यांना एका दिवसाचा धीर नाही त्यांचे काम आम्ही घेत नाही.

फिरत्या शौचालयांचा चुकीचा हिशेब

बांधकामाच्या साइटवरचे तरुण इंजिनीअर इंटरनेटवरून एक माप घेऊन येतात : दहा कामगारांमागे एक शौचालय आणि आठवड्यातून एकदा सफाई. हे माप ज्या देशांत बसवले गेले तिथे कागद वापरतात आणि कामगार आठवड्याला चाळीस तास काम करून घरी जातात. आपल्याकडे पाणी वापरले जाते आणि लेबर कॅम्पमधला कामगार सातही दिवस तिथेच राहतो.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका साइटवर साठ कामगारांसाठी चार शौचालये आणि आठवड्यातून दोनदा सफाई, असा करार त्यांच्या हट्टाने झाला. एका शौचालयामागे पंधरा माणसे, प्रत्येकाच्या तीन खेपा आणि प्रत्येक खेपेला साधारण दोन लिटर धरले, तर दिवसाला नव्वद लिटर होतात. खालची टाकी सव्वादोनशे लिटरची असते आणि त्यात सुरुवातीलाच वीस लिटर औषधाचे पाणी असते, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तुडुंब भरते. झालेही तसेच. मी गेलो तेव्हा दोन शौचालयांची दारे तारेने बांधून ठेवली होती आणि पुरुष कामगार पत्र्याच्या कुंपणामागे उघड्यावर जात होते. तिथे सात-आठ बायकाही होत्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, ‘भाऊ, आम्ही दुपारनंतर पाणीच पीत नाही.’ मे महिन्यात, विटा वाहणाऱ्या बाईने पाणी पिणे बंद करावे लागते, तेव्हा तो शौचालयांच्या हिशेबातला किरकोळ फरक राहत नाही.

त्या दिवसापासून मी माणशी नव्हे तर लिटरवर हिशेब करतो, लेबर कॅम्पला एक दिवसाआड सफाई असल्याशिवाय करार करत नाही आणि बायकांची शौचालये वेगळी, आतून नीट लागणाऱ्या कडीची आणि दिव्याखाली ठेवतो. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी मी स्वतः बॅटरी घेऊन टाकीची पातळी पाहतो. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांना ठरावीक वेळांतच सोडतात, त्यामुळे गाडीची वेळ करारातच लिहून घ्यावी. नवरात्रात किंवा लग्नाच्या मांडवात शौचालये मागच्या कोपऱ्यात लपवण्याची घाई असते, पण गाडीची नळी तिथपर्यंत पोहोचते का, हे आधी पावलांनी मोजावे. उतारावर शौचालय उभे करू नये आणि भरलेल्या टाकीसह ते उचलू नये.

मैला शेवटी जातो कुठे?

बाजारभावापेक्षा निम्म्या दरात फेरी देणारा माणूस मैला मलशुद्धीकरण केंद्रापर्यंत नेत नाही; रात्री नाल्यात किंवा खारफुटीत नळी सोडतो. तो नाला ठाणे खाडीला मिळतो, आणि त्या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्र आहे. त्याच खाडीत आजही कोळी आणि आगरी कुटुंबे जाळे टाकतात. म्हणून गाडी बोलावताना दर विचारण्याआधी मैला कुठे रिकामा करणार हे विचारावे आणि केंद्रावरची पोच मागावी. त्या पोचेवर गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ आहे का, हे पाहावे, आणि ती हातात येईपर्यंत निम्मे पैसे राखून ठेवावेत. आमच्याकडूनही तसेच घ्यावे.