दोघंच महाबळेश्वरला निघालाय? आमच्या या चुका टाळा

आम्ही सांगलीकर, त्यामुळं महाबळेश्वर म्हणजे "आपलंच की, त्यात काय प्लॅनिंग" असं वाटतं आणि पहिली माती तिथंच खाल्ली. लग्नानंतर दोघंच पहिल्यांदा निघालो ते शनिवारी सकाळी आरामात पोहे खाऊन नऊ वाजता. पेठ नाका, कराड, सातारा सगळं झकास, मग वाईवरून पसरणी घाट चढलो आणि पाचगणी आल्यावर गाडी जी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली ती थेट वेण्णा लेकपर्यंत. पुण्यामुंबईची सगळी पब्लिक त्याच वेळी त्याच रस्त्यानं वर येत असते हो. आपण दक्षिणेकडून येतोय, आपल्याला साताऱ्यातून मेढा आणि केळघर घाट असा सरळ रस्ता आहे, पाचगणी वाटेत लागतच नाही. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर साताऱ्यात मुक्काम टाका, पहाटे निघून घाट उजेडात चढा. रात्री धुक्यात घाट चढायची हौस नको.

रूम. फोटोत "व्हॅली व्ह्यू" होता, प्रत्यक्षात खिडकीतून शेजारच्या लॉजची पाण्याची टाकी दिसत होती आणि गादीला ओल. हॉटेलचं नाव घेत नाही, चूक आमचीच, जुलैमध्ये गेलो आणि फोटो बघून पैसे भरले. आता मी आधी फोन करून त्याच रूमचा व्हिडिओ मागतो, गरम पाणी किती ते किती येतं ते विचारतो. तरी ओलसर रूम मिळालीच तर बॅग उघडायच्या आधी काउंटरवर जा. एकदा कपडे कपाटात लागले की रूम बदलून मिळणं अवघड.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉइंट. टॅक्सीवाल्यानं यादी दाखवली आणि मी पैसे वसूल करायच्या नादात एका दिवसात तेरा पॉइंट घेतले. केट्स पॉइंटला फोटो, उतर, बस, पुढच्या पॉइंटला फोटो, उतर, बस. आर्थर सीटला पोचेपर्यंत ही माझ्याशी बोलायची बंद झाली होती. तिला बाजारात निवांत फिरायचं होतं, चणे खायचे होते, चपला बघायच्या होत्या, आणि हे मी तिला निघायच्या आधी विचारलंच नव्हतं! दिवसाला दोन पॉइंट बास. सकाळी आर्थर सीट, संध्याकाळी सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट, मधला वेळ मोकळा ठेवा.

आणि पॉइंटांच्या नादात आम्ही जुनं, म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर पळत पळत उरकलं होतं. आर्थर सीटच्या वाटेवरच आहे ते. पुढच्या वेळी निवांत गेलो. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत शिरलेली कृष्णा ती हीच, इथं एवढीशी धार. ही बराच वेळ हात धरून उभी होती पाण्याखाली. शेजारचं कृष्णाबाईचं दगडी मंदिर तर बहुतेक लोक बघतच नाहीत, तिथं आम्ही दोघंच होतो.

हे गाव आहेच जरा विचित्र. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात खंडाळा घेतलं, लोणावळ्याजवळचं नाही, आपलं साताऱ्याकडचं. गव्हर्नर जॉन माल्कमच्या नावानं पेठ वसली, माल्कम पेठ. चायनामन धबधब्याचं नाव इंग्रजांनी इथं आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांवरून, ते भाजीपाला पिकवायचे म्हणे. ही म्हणाली, "खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर? महाराजांनी ब्रोकरला तरी विचारायचं होतं."

प्रतापगड शेवटच्या दिवशी दुपारी कोंबू नका. १६५६ मध्ये बांधून झालेला गड, अफझलखानाचा वध इथंच १६५९ ला, तासाभरात उरकायची जागा नाही ती. अर्धा दिवस द्या आणि बूट घाला, हिनं नवीन सँडल घातले होते, पुढचं सांगत नाही.

धुकं आलं आणि समोर पांढरा पडदा, मग काय? हॉटेलात बसून भांडू नका. पाचगणीजवळ भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव, लोकांच्या घरात पुस्तकं मांडलेली असतात, बसा आणि वाचा. आमचा सगळ्यात भारी दिवस धुक्याचाच होता.

बारीकसारीक: ताजी स्ट्रॉबेरी हवी तर डिसेंबर ते मार्च. पॉइंटवर सांगलीचं भडंग हातात घेऊन हिंडू नका, आमचं अख्खं पाकीट माकडानं नेलं आणि समोर बसून खाल्लं. थोडी कॅश जवळ असू द्या.

उतरताना मात्र सिरियस व्हा. मी पसरणी घाट अख्खा ब्रेकवर पाय ठेवून उतरलो, जळका वास यायला लागला, तेव्हा कळलं. घाट उतरताना दुसऱ्या गिअरला ठेवा, इंजिनच गाडी धरतं. वास आलाच तर मोकळी जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. आणि रविवारी चारला निघू नका. सकाळी चेकआउट, मेढ्यात जेवण, साताऱ्यात कंदी पेढे, दिवेलागणीला सांगली.