बर्फ चार-पाच महिने, गवत सात: ट्रॅक्टरला टायर कोणते घ्यावेत

न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूसजवळ आमची अडीच एकर जागा आहे. लेक ऑन्टारिओवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे इथे वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तो बर्फ हटवणारा पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टरच एप्रिल ते ऑक्टोबर गवत कापतो, खडी ओढतो, लाकडं हलवतो. ट्रॅक्टर घेतला तेव्हा आर-४ टायर लावलेलेच आले. दिसायला दणकट, म्हणून मी निश्चिंत होते. पहिल्याच जानेवारीत दाबून बसलेल्या बर्फावर उतरताना ब्रेक लावला, मागची चाकं थांबली आणि ट्रॅक्टर तसाच रस्त्यापर्यंत घसरत गेला. रस्त्यावर त्या क्षणी गाडी नव्हती. तेव्हापासून टायरबद्दल कोणी विचारलं की मी आधी उताराबद्दल विचारते.

तीन प्रकार समजून घ्या. आर-१ म्हणजे आपला शेतातला टायर, तिरक्या उंच पट्ट्यांचा. चिखलात आणि मऊ, खोल बर्फात तो खाली जमिनीपर्यंत पोचून पकड घेतो, पण वळताना हिरवळ उकरून टाकतो. आर-३ हा लॉनचा टायर, बारीक ठोकळ्यांचा. त्याला कडा भरपूर, म्हणून पातळ किंवा दाबलेल्या बर्फावर तो बरा चालतो, चिखलात मात्र लगेच भरून जातो. आर-४ दोन्हींच्या मधला: जाड रबर, रुंद पट्टे. लोडरचं, म्हणजे पुढच्या उचलणाऱ्या बादलीचं, वजन पेलतो, काट्याकुट्यांना दाद देत नाही, पण तेच कडक रुंद पट्टे गुळगुळीत बर्फावर सरकतात. निव्वळ काचेसारख्या बर्फावर तिघांपैकी एकावरही भरवसा ठेवू नका.

म्हणून माझं मत सरळ आहे. टायर गवताच्या सात महिन्यांसाठी निवडा आणि हिवाळा टायरवर चढवायच्या साखळ्या व वाढवलेल्या वजनावर काढा. जागा सपाट आणि लॉन जिवापाड जपलेलं असेल तर आर-३. लोडर रोज चालत असेल, खडी-लाकडाचं काम असेल तर आर-४. आर-१ फक्त खरोखर नांगरट करणाऱ्यांनी घ्यावा. फिनलंडच्या नोकियनने १९३४ साली जगातला पहिला हिवाळी टायर काढला आणि आज ती कंपनी ट्रॅक्टरसाठीही बनवते, पण माझ्या छोट्या ट्रॅक्टरच्या मापात मला ते मिळाले नाहीत. दुकानात मुंबईच्या बीकेटीचे टायर दिसले की मला बरं वाटतं, पण घेताना नाव बाजूला ठेवून टायरच्या कडेवर छापलेली वजन पेलण्याची क्षमता वाचा. लोडर भरला की पुढच्या टायरांवर फार भार येतो.

प्रकार बदलायचा तर चारही टायर बदला. फोर-व्हीलमध्ये पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. चाकांच्या घेराचं प्रमाण बिघडलं की पुढच्या अॅक्सलवर ताण येतो. मापं ट्रॅक्टरच्या पुस्तिकेशी ताडून घ्या.

आता वजन. पन्हाळ्याकडे उसाची ट्रॉली ओढणारे आबा फोनवर म्हणाले, "मागच्या टायरात पाणी भर, पोरी." सल्ला शंभर टक्के खरा, फक्त इथे साधं पाणी गोठतं. इथे बीटचा रस भरतात, साखर काढल्यावर उरणारा. तो उणे तीस अंशांतही गोठत नाही आणि पाण्याहून जड असतो: शंभर लिटरला सुमारे १३० किलो. कॅल्शियम क्लोराईडचं द्रावण स्वस्त पडतं, पण गळलं की रिम खातं. व्हॉल्व्ह वर ठेवून तिथपर्यंत भरलं की टायर पाऊण भरतो, वरची जागा हवेला राहते. भरायचं ते मागच्याच टायरात.

साखळ्या आधी मागे. चढावर पकड सुटली तर चाक बहुधा जागीच फिरतं, खरी भीती उताराची असते. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागे असतात, म्हणून उतरताना फोर-व्हील चालू ठेवा, म्हणजे पुढची चाकंही रोखायला मदत करतात. शिडीसारख्या साध्या साखळीचे आडवे पदर लांब लांब असतील तर ते टायरच्या पट्ट्यांमधल्या खाचेत जाऊन बसतात आणि काहीच उपयोग होत नाही. आर-१ आणि आर-४ला जाळीसारखी, चौकटी नक्षीची साखळी घ्या. ती आडवं घसरणंही रोखते. विकत घेण्याआधी टायर आणि मडगार्डमधली, तसंच आतल्या हायड्रॉलिक पाइपाजवळची जागा मोजा. माझ्याकडे आतल्या बाजूला जेमतेम दोन बोटं जागा होती, म्हणून चाकं बाहेर घेणारे स्पेसर लावावे लागले. डांबरावर साखळीचे ओरखडे उठतात, तिथे हळू वळा.

हिवाळ्याचे वेगळे टायर रिमसकट ठेवा, असंही लोक सुचवतात. रस भरलेलं मागचं चाक दोनशे किलोच्या आसपास जातं. एकट्याने ते काढायला जाऊ नका.

थंडी पडली की हवा पुन्हा तपासा. उन्हाळ्यात पंधरा पाउंड भरलेला टायर उणे पंधरा अंशांत अकरावर येतो, आणि साखळीही सैल पडते. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोरड्या अंगणात साखळ्या चढवते, दहा मिनिटं ट्रॅक्टर फिरवते, उतरून पुन्हा आवळते.