दिवाळीच्या सुट्टीत सॅलॅमँडर दिसत नाही: पुण्याहून दार्जिलिंगला जाताना करायची तयारी

पुण्यातून दार्जिलिंगला जायचं म्हटलं की मे महिना नाहीतर दिवाळी ठरलेली. हिमालयीन सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा शेपटीचा उभयचर, पाहायचा असेल, तर दिवाळी सोडून द्या. थंडीची चाहूल लागली की हा प्राणी तळं सोडून जमिनीच्या आडोशाला जातो आणि वसंतातच परततो. पावसाच्या सरी सुरू झाल्या की तळ्यांत त्याची वीण होते. मेअखेर ते सप्टेंबर हा काळ धरा. पावसात डोंगरातला रस्ता दरड कोसळून अडतो, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.

तो पाहायची जागा म्हणजे सुखियापोखरीजवळची जोरपोखरीची तळी. ही जागा दार्जिलिंगपासून साधारण २० किलोमीटरवर आहे. या प्राण्यासाठी १९८५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, क्षेत्र जेमतेम ०.०४ चौरस किलोमीटर. आधी दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय पाहून घ्या. तिथे सॅलॅमँडरच्या प्रजननाचं काम झालेलं आहे. गुरुवारी ते बंद असतं.

ओळखायला सोपा आहे. पाल किंवा सापसुरळी वाटेल, पण अंगावर खवले नाहीत, बोटांना नख्या नाहीत. लांबी १५ ते २० सेंटीमीटर, रंग गडद तपकिरी, पाठीच्या दोन्ही कडांना गाठींची रांग. या गाठींत विषारी स्राव असतो. सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत. आपल्याकडचं देवगांडूळ उभयचर असलं, तरी ते निराळ्या गटातलं.

निघण्याआधी बूट स्वच्छ करणं सगळ्यात महत्त्वाचं. उभयचरांच्या कातडीला मारक ठरणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाते. सिंहगडावरचा किंवा मुळशीचा चिखल ब्रशने घासून काढा. मग एक भाग साधं ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात तळवे दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. चिखल न काढता ब्लीच लावलं तर ते चिखलातच खर्ची पडतं, म्हणून क्रम चुकवू नका. धुतलेलं पाणी ओढ्यात, तळ्यात सोडायचं नाही.

तळ्याकाठी पोचल्यावर एका जागी दहा-पंधरा मिनिटं निश्चल उभे राहा. सॅलॅमँडर हवा घ्यायला पृष्ठभागावर येतो आणि पुन्हा खाली जातो, तेव्हाच नेमका दिसतो. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चकाकी कमी होते. काठाच्या पाणवनस्पतींत पाय घालू नका, कारण मादी अंडी सुटी सुटी तिथेच चिकटवते. हात लावू नका. मच्छर प्रतिबंधक मलम लावलेले हात तर मुळीच नाही. त्याची कातडी श्वास घेते आणि लागलेलं शोषूनही घेते.

आता हिवाळा. जानेवारीत दार्जिलिंगच्या रात्री पारा ५ अंशांखाली उतरतो. सॅलॅमँडर तेव्हा कुजक्या ओंडक्याखाली, मुळांच्या पोकळीत, दगडाच्या फटीत, पालापाचोळ्याखाली असतो. जागा थंड चालते, पण गोठणारी नको आणि कोरडी तर नकोच, कारण कातडी सुकली की तिच्यातून श्वास घेता येत नाही. शरीरातल्या क्रियांचा वेग मंदावतो, खाणं बंद होतं, पावसाळ्यात साठवलेल्या चरबीवर महिने निघतात. आपल्याकडचे बेडूक उन्हाळाभर जमिनीत दडून राहतात आणि जूनच्या पहिल्या सरींना बाहेर येतात. तीच युक्ती, फक्त ऋतू उलटा.

म्हणूनच थंडीत गेलेल्यांनी दगड, ओंडके उलटून शोध घेऊ नये. दगड उचलला की आतली ओल निघून जाते, थंड कोरडं वारं शिरतं, आणि पुन्हा ठेवलेला दगड आधीसारखा बसत नाही. हाताच्या उबेने जागा झालेला प्राणी साठवलेली चरबी खर्च करतो आणि ती भरून काढायला बाहेर किडे नसतात. सॅलॅमँडर गोठून पुन्हा जिवंत होतो, हे ऐकलेलं असतं, ते सायबेरियातल्या जातीबद्दल. तिच्या शरीरात गोठण्यापासून वाचवणारं ग्लिसरॉल साठतं, ती उणे ३५ अंशांतही तगते. हिमालयातला सॅलॅमँडर अशा ग्लिसरॉलच्या भरवशावर नाही, त्याचा सगळा भार त्या आडोशावर आहे.

फोटो टाकताना ठिकाणाची खूण आणि नकाशावरचा बिंदू काढून टाका. हा प्राणी कायद्याने संरक्षित आहे, पकडणं आणि सोबत आणणं गुन्हा ठरतो.