नंबर तोच ठेवून नवा ३३१० वापरून बघा

नोकियाचा ३३१० (२०१७ साली परत आलेला) वापरून बघायचाय, पण मेन सिम त्यात टाकलं की व्हॉट्सॲप, यूपीआय, बँकेचे ओटीपी सगळ्याचीच पंचाईत. त्यावर सोपा उपाय: मेन सिमला हातच लावू नका.

१. साध्या फोनसाठी एअरटेल किंवा व्हीआयचं दुसरं सिम घ्या. हा फोन फक्त टूजीवर चालतो आणि जिओकडे टूजी नाही, त्यामुळे जिओचं सिम यात मुकं राहतं. मेन नंबर जिओचा असला तरी चालेल.

२. सिम घेतानाच दुकानदाराला सांगा, मायक्रोच्या (नॅनोपेक्षा मोठ्या) मापालाच तोडा, या फोनला तेच लागतं. त्याचा हात सवयीने नॅनोकडेच जातो.

३. स्मार्टफोनच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग'ला जाऊन 'नेहमी' निवडा, नवा नंबर भरा, म्हणजे मेन नंबरवरचे कॉल साध्या फोनवर वाजतील. घरून कुणालातरी फोन लावायला सांगून खात्री करून घ्या.

४. घरच्यांचे, ऑफिसचे मोजके नंबर हातानेच सेव्ह करा. कंटाळवाणं आहे, पण पाचशे नावं हवीत कशाला?

आता स्मार्टफोन घरी ठेवून खुशाल पर्वती चढा, नाहीतर मंडईत जा. फक्त खिशात सुट्टे पैसे ठेवा. या फोनवर क्यूआर स्कॅन करून पैसे देता येत नाहीत. मेसेज आणि ओटीपी मात्र घरच्या फोनवरच येतील.

जपायचं ते एवढंच: नॅनो सिमच असेल तर अडॅप्टर (ते मायक्रोच्या मापात बसवायची चौकट) रिकामा आत सरकवू नका. बाहेर काढताना आतल्या पिना अडकून वाकतात.