रेकॉर्डची चटचट : फडकं उचलण्याआधी या चुका टाळा

सुई टेकली, गाणं सुरू व्हायच्या आधीच चटचट ऐकू आली, की आपला हात फडक्याकडे जातो. पहिली चूक तिथेच होते. आवाज कशाचा आहे हे न ओळखता पुसलं, तर चटचट वाढू शकते.

आधी ऐका. एलपी, म्हणजे मोठी प्लास्टिकची रेकॉर्ड, मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. मोबाइलवर वेळ लावा. 18 सेकंदांत ‘टक’ दहा वेळा, अगदी ठेक्यात आला तर तो ओरखडा आहे. तो कितीही पुसून जात नाही. ठेका नसेल तर तोच तुकडा पुन्हा वाजवा. चटचट त्याच जागांवर आली तर बहुधा खाचेत, म्हणजे सुई जिच्यातून फिरते त्या बारीक रेघेत, मळ बसलाय. जागा बदलत राहिली तर स्थिर विजेचा संशय घ्या. आणि सुई वर उचलूनही आवाज येत असेल तर रेकॉर्डचा काहीच दोष नाही. फ्रिज चालू-बंद होताना, पंख्याच्या रेग्युलेटरमुळे किंवा सैल जोडणीमुळे तो येतो. एकसारखी घूंऽऽ असेल तर प्लेअरची अर्थची तार नीट जोडली आहे का बघा.

स्थिर विजेचं प्रकरण मात्र आपण स्वतःच ओढवून घेतो. एलपी पीव्हीसीची असते. तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे घासल्यावर आलेला भार तिथेच बसून राहतो. कागदी पाकिटातून खसकन ओढली, भार आला. कोरड्या टेरिकॉटने पुसली, आणखी आला. मग खोलीतली धूळ तीच ओढून घेते. पुण्यात हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी आणि विदर्भात उन्हाळाभर हे जास्त जाणवतं. मुंबईच्या पावसाळ्यात विजेचा त्रास कमी, पण पाकिटात बुरशी धरते आणि तिची खरखर वेगळीच असते. तिला धुण्याशिवाय उपाय नाही.

यावर कार्बन फायबरचा ब्रश घ्या. रेकॉर्ड फिरत असताना तो अलगद टेकवा, दोन-तीन फेरे होऊ द्या, मग हळूच कडेकडे सरकवत बाहेर काढा. ब्रशच्या धातूच्या भागाला बोट लागलेलं असू द्या, म्हणजे भार हातातून निघून जातो. जोर लावायचा नाही. प्लेअरवरची फेल्टची चकती रेकॉर्डला चिकटून वर येत असेल तर ती काढून कॉर्कची घाला. कागदी पाकिटंही बदला. आत गुळगुळीत प्लास्टिकचं अस्तर असलेली अँटिस्टॅटिक पाकिटं मिळतात. माझ्या मते सगळ्यात आधी पैसे घालावेत ते यांवरच.

धुताना नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. ते वाळलं की क्षार खाचेत राहतात आणि नवी खरखर सुरू होते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, खाचेच्या दिशेने गोल हात, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुणं. मधलं लेबल कोरडं ठेवा. रेकॉर्ड पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, आणि जुन्या मळक्या पाकिटात तर नकोच.

आता एक चूक, जी मी केली आणि जिचं मला आजही वाईट वाटतं. आजोबांकडची बालगंधर्वांची 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी मी स्पिरिटने पुसली. एलपीसाठी स्पिरिट मिसळलेलं द्रावण चालतं, असं कुठेतरी वाचलं होतं. पण जुन्या 78 च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कापूस काळा झाला, आणि त्या जागी आता आवाज उरलेला नाही. एलपी अमेरिकेत 1948 साली आली, पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षं निघत होत्या. म्हणून जड, जाड, पडली की फुटणारी तबकडी हातात आली तर स्पिरिट दूर ठेवा. ओलसर मऊ कापड फिरवा, लगेच टिपून घ्या.

अशा तबकड्यांवर एलपीची सुई लावणं हेही खरखरीचं मोठं कारण आहे. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन, 78 च्या सुईची सुमारे 75. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, म्हणजे साठलेल्या मळातच घासत जाते. बऱ्याच जुन्या पेटी प्लेअरला दोन तोंडांची सुई असते, एक एलपीसाठी, एक 78 साठी. ती फिरवायला विसरू नका.

सुई उडते म्हणून ती धरणाऱ्या दांड्याच्या डोक्यावर नाणं ठेवायची सवय तर सोडाच. चांगल्या प्लेअरमध्ये सुईचा दाब साधारण दीड ते दोन ग्रॅम लागतो आणि एका रुपयाचं नाणंच तीन ग्रॅमच्या वर भरतं. सुई उडत असेल तर टोकावर धुळीचा गोळा आहे का ते आधी बघा. मऊ ब्रश मागून पुढे एकाच दिशेने फिरवा, उलटा फिरवला तर सुईची दांडी वाकते. तरीही ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे येत असतील तर सुईचा दाब तपासा. तो बरोबर असेल तर बहुधा सुई झिजली आहे. ती बदलेपर्यंत आवडती रेकॉर्ड लावू नका, कारण झिजलेली सुई प्रत्येक वेळी खाच थोडी थोडी खरवडते.