कॅनडाच्या पीआरची सरकारी फी: एजंटकडे फोड मागा

एजंटने ‘सरकारी फी’ म्हणून ठोक आकडा सांगितला, की आधी फोड मागा. माझ्या मावसभावाला सांगलीत एकाने नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी अशा तिघांचे ‘सरकारी साडेतीन लाख’ सांगितले होते. मी इथे मिसिसागात बसून फोनवर त्याच्याकडून एकेक ओळ लिहून घेतली. खरा हिशेब बराच कमी निघाला.

एक्स्प्रेस एन्ट्री म्हणजे ऑनलाइन प्रोफाइलला गुण देऊन पीआरच्या (कायमच्या वास्तव्याच्या) अर्जाचं आमंत्रण पाठवण्याची कॅनडा सरकारची पद्धत. तिचे मी सांगते ते दर ३० एप्रिल २०२४ पासून एप्रिल २०२६ अखेरपर्यंतचे आहेत. मुख्य अर्जदाराची प्रोसेसिंग फी ९५० कॅनेडियन डॉलर आणि पीआरच्या हक्काची फी ५७५, मिळून १५२५. जोडीदाराचेही तेवढेच. मुलामागे २६०, मुलांना हक्काची फी नसते. बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो यांचे, माणशी ८५, पण कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर जास्तीत जास्त १७०. चौदा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. म्हणजे भावाच्या घरचे झाले ३४८० डॉलर. डॉलर ६५ रुपये धरला तर २ लाख २६ हजार २००. हे दर दोन वर्षांनी एप्रिलअखेर महागाईप्रमाणे वाढवतात, म्हणून भरायच्या दिवशी कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयआरसीसीच्या साइटवरचा फीचा तक्ता उघडून आकडे ताडून घ्या.

हे पैसे पहिल्या दिवशी लागत नाहीत. प्रोफाइल टाकायला एक पैसाही पडत नाही. कुणी प्रोफाइलची ‘सरकारी नोंदणी फी’ मागत असेल, तर ती सरकारकडे जात नाही एवढं पक्कं समजा. मोठी फी आमंत्रण आल्यावर, ६० दिवसांच्या आत अर्ज पाठवताना भरायची.

त्याआधी खिसा हलका होतो तो दुसऱ्याच गोष्टींनी: इंग्रजीची परीक्षा, डिग्रीचं मूल्यांकन (ती कॅनडातल्या कुठल्या डिग्रीच्या तोडीची आहे याचा दाखला), त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, आणि कुरियर. परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, मूल्यांकन पाच वर्षं. म्हणून आधी मूल्यांकनाला लागा, कारण विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट निघायला वेळ जातो. जोडीदाराची परीक्षा आणि मूल्यांकन सक्तीचं नाही, त्याने फक्त गुण वाढतात. किती वाढतील ते सरकारी साइटवरच्या गुणांच्या कॅल्क्युलेटरवर आधी बघा, मगच तो खर्च करा.

मेडिकल तपासणी २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्जाच्या आधीच करून घ्यावी लागते. ती आयआरसीसीने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते, पैसे थेट त्या दवाखान्याला जातात आणि घरातल्या प्रत्येकाचे वेगळे लागतात. दर सारखे नसतात, तेव्हा यादीतल्या दोन-तीन ठिकाणी फोन करा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून, ५०० रुपये. गेल्या दहा वर्षांत दुबई-मस्कतला सलग सहा महिने किंवा जास्त राहिला असाल, तर तिथलंही प्रमाणपत्र लागतं, त्याचा खर्च वेगळा धरा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. तिथे गेल्यावर घर चालवायला पैसे आहेत हे पटवण्यासाठी खात्यात दाखवायची रक्कम ही फी नव्हे. जुलै २०२५ च्या तक्त्यात तिघांच्या कुटुंबाला २३,३६० डॉलर आहेत. हे पैसे तुमचेच, तुमच्याच खात्यात राहतात, कुणाला द्यायचे नसतात. भावाच्या एजंटने यासाठीची ‘व्यवस्था’सुद्धा सुचवली होती, म्हणजे उसने पैसे चार दिवस खात्यात फिरवायचे. असलं काही करू नका. बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक मागतात, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही.

फी भरण्याच्या दिवशी कार्डाकडे लक्ष द्या. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, मर्यादा अडीच लाखांच्या वर न्या. परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी स्टेटमेंटला येतो. बऱ्याच कार्डांवर अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, म्हणजे या रकमेवर सात-आठ हजार सहज. घरात कमी अधिभाराचं कार्ड कुणाकडे असेल तर तेच वापरा. पैसे भरायच्या पानावर फीच्या ओळी वेगवेगळ्या दिसतात, माणसं आणि आकडे जुळतात का ते बोट ठेवून वाचा.

हक्काचे ५७५ नंतरही भरता येतात, पण मी दोघांचे सुरुवातीलाच भरायला लावले. नंतर मागणीपत्राची वाट बघण्यात वेळ जातो, आणि मध्ये दर वाढला तर नवा दर पडतो. अर्ज नाकारला गेला तर हे ५७५ परत मिळतात. प्रोसेसिंगचे ९५० मात्र काम सुरू झाल्यावर परत मिळत नाहीत.

एजंट लावायचाच असेल तर त्याची फी वेगळ्या पावतीवर घ्या आणि सरकारी फी स्वतःच्या कार्डाने भरा. पावतीची पीडीएफ तुमच्याच ईमेलवर आणि फोनमध्ये हवी.