संगणक चालू असताना आतली साटा हार्ड डिस्क कशी काढावी, कशी जोडावी

साटा (SATA, हल्लीच्या हार्ड डिस्कची नेहमीची जोडणी) डिस्क चालू संगणकातून काढता-जोडता येते, तशी सोय तिच्या जोडणीतच आहे. डिस्कच्या मागच्या सोनेरी पट्ट्या नीट बघा. काही पट्ट्या इतरांपेक्षा जराशा पुढे आलेल्या दिसतील. त्यांच्यामुळे अर्थिंग आधी जुळतं आणि बाकीचं नंतर. जुन्या आयडीई (रुंद चपट्या केबलच्या) डिस्कला आणि मदरबोर्डवर स्क्रूने बसवलेल्या एम.२ एसएसडीला मात्र चालू संगणकात हात लावू नका. विंडोज ज्या डिस्कवर आहे ती आणि रेडमधली (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला संच) डिस्क यांच्याही वाटेला जाऊ नका.

तयारी आदल्या दिवशीच करून ठेवा, कारण तिच्यासाठी संगणक रीस्टार्ट करावा लागतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) साटा मोड 'एएचसीआय' (AHCI) हवा आणि त्या पोर्टपुढे 'हॉट प्लग' एनेबल हवं. बऱ्याच बोर्डांवर ते बंदच असतं. मग जोडलेली डिस्क दिसत नाही आणि माणूस उगाच केबलला दोष देतो.

काढताना सगळ्यात मोठा धोका चुकीची डिस्क काढण्याचा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सीरियल नंबर बघा आणि त्याचे शेवटचे चार अंक डिस्कच्या लेबलशी ताडून पाहा. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन डिस्क असतील तर हे टाळूच नका.

आता त्या डिस्कवरच्या सगळ्या फाइल्स बंद करा. विंडोजमधलं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, डावीकडच्या 'डिस्क १' अशा चौकोनावर राइट क्लिक करून 'ऑफलाइन' निवडा. कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) अडकलेला डेटा लिहून झाल्याशिवाय केबल ओढली, तर फाइल अर्धवट राहते. टास्कबारवर 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर'मध्ये डिस्कचं नाव दिसत असेल, तर तिथूनही इजेक्ट करा. लिनक्सवर 'डिस्क्स' अ‍ॅपमधून आधी अनमाउंट, मग पॉवर ऑफ.

कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. आधी डेटा केबल काढा, मग पॉवर. केबल धरून ओढू नका. खटका दाबून प्लास्टिकचं टोक सरळ मागे घ्या, कारण तिरकं ओढलं तर डिस्कवरची प्लास्टिकची जीभ तुटते. पॉवर काढल्यावर १५ ते २० सेकंद डिस्क जागची हलवू नका. आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारत असतात. बोट टेकवलं की थरथर जाणवते. ती थांबली की मगच स्क्रू काढा.

जोडताना क्रम उलटा. डिस्क आधी स्क्रूने घट्ट बसवा, मग पॉवर, मग डेटा. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते. त्यामुळे दुसरी चालू डिस्क असलेल्या वायरीवर ती लावू नका. व्होल्टेज क्षणभर पडलं तर आधीची चालू डिस्क बंद पडू शकते. मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलींच्या) पॉवर सप्लायची केबल दुसऱ्या मॉडेलची वापरूच नका. टोक बसतं, पण पिनांचा क्रम वेगळा असला तर डिस्क जळते.

डिस्क दिसली नाही तर 'डिस्क मॅनेजमेंट'च्या 'अ‍ॅक्शन'मधून 'रीस्कॅन डिस्क्स' करा. मघाशी ऑफलाइन केलेली डिस्क परत जोडल्यावरही ऑफलाइनच राहते, तिला हाताने 'ऑनलाइन' करा. आणि डेटा असलेल्या डिस्कसाठी विंडोजने 'इनिशियलाइझ' (डिस्क नव्याने तयार करायची का) विचारलं तर 'कॅन्सल' दाबा. डिस्क पुन्हा याच रीतीने काढा आणि दुसरी डेटा केबल लावून बघा.